बसायला जागा

चांगथांगमध्ये झाड नाही. माणसाने गावापाशी लावलेली विलो सोडली, तर गुडघ्याच्या वर जाईल असं फारसं काही उगवतच नाही. लडाखच्या आग्नेय कोपऱ्यातलं हानले गाव सुमारे ४,३०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून उंच. तिथून पूर्वेकडे तिबेटचं पठार, मग चिंगहाई, आणि मधली वाळवंटं ओलांडली की मंगोलिया आणि सैबेरियाची दक्षिण कड. हजारो किलोमीटर हाच देखावा: खुरटं गवत, खडे, बोडके उतार आणि वारा. अशा मुलखात शिकारी पक्ष्याने बस्तान मांडायचं ठरवलं, तर त्याची पहिली अडचण खाण्याची नसते. खायला जमिनीत पुष्कळ आहे. अडचण असते बसायची.

शिकारी पक्षी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आभाळात घिरट्या घालणारा पक्षी येतो. पण उडणं महाग पडतं. या मंडळींपैकी बरेचजण दिवसाचा मोठा भाग नुसते बसून काढतात, आणि बसून पाहत राहणं हेच त्यांचं काम असतं. आपल्याकडे शिक्रा आंब्याच्या फांदीआड दबा धरतो, तिसा माळावरच्या बाभळीवर नाहीतर कुंपणाच्या खांबावर ठाण मांडतो. उंचावरून खालची हालचाल टिपायची आणि एका झेपेत खाली यायचं, यात शक्ती वाचते. फांदीच नसेल तर काय करायचं? अपलँड बझर्ड या पक्ष्याने त्याची निरनिराळी उत्तरं काढली आहेत. अलीकडच्या काळात त्यात माणसाने भर घातली, आणि घोळही घातला.

शास्त्रीय नाव ब्यूटिओ हेमिलॅसिअस. ब्यूटिओ हा रुंद पंखांच्या, गोलसर शेपटीच्या बझर्डांचा गट, आणि त्यातला हा दांडगा गडी. लांबी ५७ ते ७२ सेंटिमीटर, पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास, वजन एक ते दोन किलो. मादी नराहून मोठी, जशी बहुतेक शिकारी पक्ष्यांत असते. गटात त्याच्या तोडीचा म्हणावा असा एकच, अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला फेरुजिनस हॉक. दोघांमध्ये अख्खा पॅसिफिक महासागर आहे, पण दोघांची राहणी चकित व्हावं इतकी सारखी. दोघेही बोडक्या मुलखात राहतात, बिळात राहणाऱ्या प्राण्यांवर जगतात, खडकावर किंवा थेट जमिनीवरही घरटं करतात, आणि दोघांच्या नडग्या पिसांनी झाकलेल्या असतात. बायसन मोकाट फिरत असतानाच्या काळातली त्यांची हाडं फेरुजिनस हॉकच्या जुन्या घरट्यांत सापडल्याच्या नोंदी आहेत. काटक्या मिळाल्या नाहीत तर मिळेल ते वापरायचं, हा रिवाज आपल्या बझर्डचाही. त्याविषयी पुढे येईलच.

या पक्ष्याचं शास्त्रातलं पहिलं वर्णन जपानमधून आलेल्या नमुन्यावरून झालं, ही एक गंमतच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानचे दरवाजे युरोपीयांना जवळजवळ बंद होते. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीत झीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर होता. त्याने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी वनस्पती, प्राणी, पक्षी यांचे ढीग हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयाकडे रवाना केले. तेमिंक आणि श्लेगेल या दोघांनी त्यातले पक्षी तपासले आणि १८४४ मध्ये या बझर्डला नाव दिलं. आता आपल्याला ठाऊक आहे की जपान हा या पक्ष्याचा देशच नव्हे. तिथे तो क्वचित एखाद्या हिवाळ्यात वाट चुकून पोचतो. वाट चुकलेल्या पक्ष्यावरून जातीची नोंद झाली, आणि जिथे तो हजारोंनी वीण घालत होता त्या पठारांवर तेव्हा युरोपीय पक्षिशास्त्रज्ञ पोचलेही नव्हते.

ओळखायला तो कठीण. एक रूप फिकट असतं: डोकं आणि छाती पांढुरकी, पोटाच्या बाजूंना आणि मांड्यांवर गडद तपकिरी, जणू काळपट तुमान चढवली आहे. दुसरं रूप जवळजवळ सगळं चॉकलेटी. दोन्हींत उडताना पंखाच्या टोकाकडच्या पिसांवर, वरच्या बाजूने, पांढरा डाग चमकतो, आणि घिरट्या घालताना पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचललेले दिसतात. एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याचा जवळचा नातलग लाँग-लेग्ड बझर्ड याच दोन्ही रंगांत येतो, आणि जिथे दोघांच्या सीमा भिडतात तिथे दोघांचा संकरही होतो. हा लाँग-लेग्ड म्हणजे आपल्या ओळखीचा पाहुणा. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर, सोलापूर-नगरच्या गवताळ रानांत, हिवाळ्यात येऊन ढेकळावर किंवा बांधावर तासन्‌तास बसणारा. त्याच्या फिकट रूपाची शेपटी साधारण विटकरी आणि बिनपट्ट्यांची, अपलँडची पांढुरकी-राखाडी आणि टोकाकडे पट्टे असलेली. कागदावर फरक सोपा वाटतो. दुर्बिणीत, अर्धा किलोमीटर अंतरावर, दुपारच्या तापलेल्या हवेत तो तितका सोपा राहत नाही.

या गोंधळामुळेच भारतात हा पक्षी वीण घालतो की नुसता फिरकतो, हे बरीच वर्षं धूसर होतं. शिकारी पक्ष्यांसाठी आयुष्य वेचलेले मुंबईचे रिशाद नवरोजी आणि फिनलंडचे डिक फोर्समन यांनी चांगथांगमधली या पक्ष्याची वीण आणि त्याची ओळख पटवण्याच्या खुणा २००१ मध्ये ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात मांडल्या. फोर्समन म्हणजे उडत्या शिकारी पक्ष्यांच्या ओळखीतला जगभर मानला जाणारा माणूस, आणि नवरोजींनी भारतीय उपखंडातल्या शिकारी पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ २००६ मध्ये दिला. या दोघांना एका बझर्डच्या शेपटीवर आणि पंखांवर लेख लिहावासा वाटला, यातच काय ते आलं.

एवढ्या उंचीवर उडणं ही स्वतंत्र कसरत आहे. साडेचार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. विरळ हवा पंखाला कमी आधार देते, म्हणून तेवढ्याच वजनाला अधिक मोठा पंख लागतो किंवा अधिक वेग. रुंद पंख आणि वाऱ्याचा उपयोग, या दोन्हींवर बझर्ड भागवतो. पठारावर दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा तो उताराच्या कडेला वाऱ्याकडे तोंड करून जवळजवळ स्थिर लटकतो. वारा पडला की आपल्या कापशी आणि खरूचीसारखा पंख फडफडवत एका जागी थांबतो. दोन किलोच्या पक्ष्याला हे परवडणारं नाही, आणि तो ते फार वेळ करतही नाही. थंडीचा बंदोबस्त अंगावरच आहे: मोठा देह म्हणजे वजनाच्या मानाने उघडी कातडी कमी, आणि नडगीवर पिसांचं पांघरूण.

पण त्याची खरी खासियत आहे जमिनीवर बसून शिकार करण्याची. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे बिळांची तोंडं एकमेकांपासून चार-सहा हातांवर असतात, तिथे तो उतरतो आणि एखाद्या बिळाच्या मागच्या बाजूला उभा राहतो. तोंडासमोर नव्हे, मागे. आतून बाहेर येणारा प्राणी आधी पुढचं पाहतो. बझर्ड मान खाली घालून, किंचित वाकून, एका पायावर भार टाकून उभा असतो. आजूबाजूच्या बिळांतून धोक्याच्या शिट्ट्या उठतात, मग थांबतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मातीच्या रंगाचं एक गोल डोकं बिळाच्या तोंडाशी येतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. पंख न उघडता, नुसती एक लांब ढांग टाकून बझर्ड पाय पुढे फेकतो. नेम चुकला तर तो चार पावलं चालत शेजारच्या बिळाकडे जातो. चालताना तो अगदीच बेंगरूळ दिसतो.

शिकारी पक्ष्यांच्या नजरेविषयी बोलताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते: उंदरांच्या मुताच्या खुणा अतिनील किरणांत चमकतात, ससाण्यांना त्या दिसतात, म्हणून ते उंदरांच्या वाटा वरून वाचतात. ही कल्पना १९९५ मध्ये फिनलंडमधल्या खरूचींवरच्या प्रयोगांतून पुढे आली आणि इतकी गोड आहे की पुस्तकांतून हलायला तयार नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी शिकारी पक्ष्यांचे डोळे मोजले, त्यात युरोपातला साधा बझर्डही होता. या डोळ्यांचे पारदर्शक भाग अतिनील प्रकाश बऱ्याच अंशी अडवतात, आणि व्होल उंदरांच्या मुताची चमकही पार्श्वभूमीपासून उठून दिसण्याइतकी वेगळी निघत नाही. थोडक्यात, बझर्ड आपल्यासारखाच उजेड वापरतो. फक्त आपल्याहून कितीतरी बारीक पाहतो, आणि हलणारी वस्तू चटकन टिपतो. मला तर हे अधिक विलक्षण वाटतं. जादू नाही, नुसतं लक्ष.

आता त्या गोल डोक्याविषयी. तिबेटच्या पठारावर ते बहुतेक वेळा पिकाचं असतं. पिका म्हणजे सशाच्या गणातला, पण उंदराच्या अंगलोटाचा, बिनशेपटीचा, दीडशे ग्रॅमच्या आसपासचा प्राणी. मंगोलियात त्याची जागा ब्रँडचा व्होल नावाचा उंदीर घेतो, शिवाय खारींच्या जातीतले जमिनीवर राहणारे प्राणी, लहान ससे, चंडोलासारखे पक्षीही बझर्डच्या पोटात जातात. पण पिका आणि व्होल हेच मुख्य. पिकाचं वैशिष्ट्य असं की तो हिवाळ्यात झोपत नाही. मार्मोट बिळात शिरून सहा महिने गायब होतो. पिका उणे तीस अंशांतही बाहेर येत राहतो. हे त्याला कसं जमतं, याचं उत्तर २०२१ मध्ये मिळालं: तो हिवाळ्यात शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च सुमारे ३० टक्क्यांनी उतरवतो, आणि जिथे याक चरतात तिथे चक्क याकचं शेण खातो. शेणात अर्धवट पचलेलं गवत असतं, ते शोधायला लांब जावं लागत नाही. पिका जागा असतो म्हणून बझर्डलाही हिवाळ्यात पठारावर राहता येतं. सगळेच राहत नाहीत. उत्तरेकडचे बरेचसे खाली सरकतात, काही उत्तर चीन आणि कोरियापर्यंत जातात, काही हिमालयाच्या अलीकडे डोकावतात.

पिकाच्या बिळावर बझर्डखेरीज इतरही पुष्कळांची मदार आहे. जुन्या बिळांत स्नोफिंच आणि ग्राउंड टिट हे पक्षी घरटी करतात. तिबेटी कोल्हा, पॅलासचं मांजर, सेकर ससाणा, एवढंच काय तपकिरी अस्वलही पिकावर पोट भरतं. अस्वल पंजांनी बिळं उकरतं आणि कोल्हा त्याच्या मागे-मागे फिरून निसटलेले पिका पकडतो. अँड्र्यू स्मिथ आणि मार्क फॉगिन यांनी १९९९ मध्ये पिकाला या पठाराचा आधारस्तंभ म्हटलं, तेव्हा चीनमध्ये पिका मारण्याची सरकारी मोहीम चाळीस वर्षांची झाली होती. आरोप असा की पिका गवत खातो आणि बिळांनी कुरण नासवतो. स्मिथ यांचं म्हणणं उलट होतं: अतिचराईने गवत आखूड झालं की पिकाला ते आवडतं, म्हणून तो तिथे वाढतो. तो रोग नव्हे, लक्षण. पुढे २०१५ मध्ये स्मिथ आणि मॅक्सवेल विल्सन यांनी बिळं असलेल्या आणि विष घातलेल्या कुरणांत पाणी किती मुरतं ते मोजलं. जिथे पिका होते तिथे पाणी जास्त मुरत होतं. यांगत्से, पिवळी नदी, मेकाँग, सगळ्यांचे उगम या पठारावर आहेत. पाणी कुठे मुरतं आणि कुठे वाहून जातं हा प्रश्न तिथल्यापुरता उरत नाही.

आखूड गवताची गोष्ट व्होलांच्या बाबतीत आणखी पुढे जाते. इनर मंगोलियाच्या कुरणांत ब्रँडचे व्होल एक उंच, गठ्ठ्याने वाढणारं गवत मुद्दाम कापून टाकतात. ते खायला फारसं कामाचं नाही, तरी कापतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. त्या उंच गवतात खाटीक पक्षी बसतात आणि तिथूनच व्होलांवर झेप घेतात. संशोधकांनी काही तुकड्यांवर जाळी टाकून खाटकांना दूर ठेवलं, तर व्होलांनी गवत कापणं जवळपास बंद केलं. म्हणजे तळहाताएवढा उंदीरही आपल्या शत्रूची बसायची जागा काढून टाकतो. उघड्या मुलखातलं राजकारण पुष्कळसं एवढ्यावरच चालतं: कोण कुणाला आधी पाहतो.

मंगोलियात व्होलांचे मधूनमधून लोंढे येतात. एखाद्या वर्षी जमीन चाळणीसारखी होते, आणि त्या वर्षी बझर्डांचीही चंगळ होते. दोन-तीन अंड्यांऐवजी चार किंवा अधिक घातली जातात, पिल्लंही जगतात. मादी एक महिन्याहून थोडा जास्त काळ अंडी उबवते, त्या काळात नर तिला पोसतो, आणि पिल्लं दीड महिन्याने उडायला लागतात. लोंढा ओसरला की पुढच्या वर्षी त्याच खोऱ्यात निम्मी घरटी रिकामी. हा चढउतार या पक्ष्याच्या अंगवळणी पडलेला आहे. पण २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मंगोलियात व्होलांचा बंदोबस्त म्हणून ब्रोमॅडायोलोन लावलेलं धान्य मोठ्या क्षेत्रावर पसरण्यात आलं, आणि त्याची सवय कुणालाच नव्हती. हे विष रक्त गोठण्यासाठी लागणारं ‘के’ जीवनसत्त्व शरीराला पुन्हा वापरू देत नाही. प्राणी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. मात्र लगेच नव्हे, काही दिवसांनी. मधल्या काळात व्होल सुस्तावतो, दिवसाढवळ्या उघड्यावर रेंगाळतो, आणि त्याच्या यकृतात विष साठलेलं असतं. बझर्डला सोपी शिकार मिळते. अशा पाच-दहा शिकारींनंतर बझर्डही जातो. धान्य थेट टिपणारे पक्षीही मेले, त्यांत डेमोझेल क्रेन होते. म्हणजे राजस्थानातल्या खिचनला दर हिवाळ्यात हजारोंनी उतरणाऱ्या कुरजा. त्यांची पैदास मंगोलियाच्याही माळांवर होते, हे आपण विसरतो.

घरट्याचा प्रश्न बसण्याच्या प्रश्नाहून अवघड. कडा असेल तर उत्तम, खडकाचा कोनाडा चालतो, नाहीतर पुरुषभर उंचीचा एकटा दगड. तोही नसेल तर उघडी टेकडी. अशा ठिकाणी कोल्ह्या-लांडग्यांना आणि कुत्र्यांना घरटं गाठायला काही कष्ट नाहीत. काटक्या मिळतात तेवढ्या दुरून आणल्या जातात, बाकी भरणा लोकरीचा, घोड्याच्या केसांचा, सुक्या शेणाचा, हाडांचा. हल्ली त्यात मेंढपाळांच्या तंबूंमागे पडलेल्या चिंध्या, नायलॉनच्या दोऱ्या आणि तारेचे तुकडेही असतात. दोरी पिल्लाच्या पायात अडकली तर ते घरट्यातच अडकून पडतं. तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरलं जातं, त्यामुळे जुनं घरटं चांगलं मीटरभर रुंद होतं.

या घरट्यांवर एका फार प्रतिष्ठित पक्ष्याचा डोळा असतो. सेकर ससाणा, अरबी शेखांच्या मनगटावरचा, स्वतः घरटं बांधत नाही. कुठलाच ससाणा बांधत नाही. मंगोलियातले सेकर बझर्डांची आणि रेव्हन कावळ्यांची घरटी बळकावतात. जगभर ज्याच्यासाठी पैसा ओतला जातो तो पक्षी या अनाम गवंड्याच्या बांधकामात वाढतो. अबू धाबीच्या पर्यावरण संस्थेच्या पैशातून मंगोलियाच्या माळांवर सेकरसाठी म्हणून तब्बल ५,००० कृत्रिम घरटी उभारली गेली. उंच खांब आणि त्यावर पिंपासारखं किंवा टोपलीसारखं घरकुल. ससाणे आलेच, पण त्यांच्या जोडीने बझर्डही आले, आणि त्यांनी तिथे हक्काने संसार थाटले. चीननेही विषावरचा खर्च आणि त्याचे परिणाम पाहून कुरणांत बझर्डांसाठी बसायचे खांब आणि घरट्यांचे मनोरे उभे केले आहेत. कल्पना साधी आहे: खांब द्या, बझर्ड येईल, पिका खाईल. तो येतो हे खरं. पण एक जोडी वीण घालून काहीशे पिका खाते म्हणून पिकांची संख्या कायमची खाली येईल, अशी आशा मला भाबडी वाटते. शिकारी पक्षी भक्ष्याची संख्या ठरवतात त्यापेक्षा भक्ष्य शिकाऱ्यांची संख्या ठरवतं, निदान या पठारावर तरी.

मात्र या योजनांच्या आधीपासून एक खांब सगळीकडे पोचला होता: विजेचा. बोडक्या माळावर किलोमीटरभर अंतरावरून दिसणारी एकमेव उंच वस्तू. बझर्डने तो पहिल्या दिवसापासून आपला मानला. मंगोलियाच्या रस्त्यांवर प्रवाशाला हा पक्षी बहुधा पहिल्यांदा दिसतो तो याच खांबावर.

वाहिनी उच्च दाबाची असेल, मोठ्या मनोऱ्यांची, तर फारसा धोका नाही. तिथे तारा खाली लांब इन्सुलेटरांना लटकतात आणि एकमेकींपासून दूर असतात. मारते ती मधल्या दाबाची वाटप वाहिनी, गावांना आणि खाणींना वीज नेणारी. मंगोलियात ती १५ किलोव्होल्टची. सिमेंटचा खांब, आत लोखंडी सळया, वर लोखंडाचा आडवा अँगल, आणि अँगलवर उभ्या खुंटीवर बसवलेले चिनी मातीचे इन्सुलेटर. त्यांच्या माथ्यावरून तार जाते. अँगलचा संबंध जमिनीशी जोडलेला. बझर्ड येतो, अँगलवर पाय ठेवतो, आणि तार त्याच्या छातीच्या उंचीला, दोन वितींवर असते. पंख मिटताना मनगटाचा सांधा तारेला लागला की वीज पक्ष्यातून अँगलमध्ये उतरते. कोरडी पिसं बरंच संरक्षण देतात, उघडी कातडी देत नाही. पाऊस किंवा ओला बर्फ असेल तर पिसंही उपयोगाची राहत नाहीत. नवशिके पक्षी अधिक मरतात, कारण त्यांना नेमकं उतरता येत नाही. ते पंख पसरून तोल सावरतात आणि तेवढंच पुरतं. जुन्या लाकडी खांबावर लोखंडी अँगल नव्हता, म्हणून तो तुलनेने निर्धोक होता. सिमेंट आलं, खांब टिकाऊ झाला आणि पक्षी मरायला लागले. व्होलांची चंगळ असते अशा भागातल्या खांबांखाली सर्वाधिक सांगाडे मिळतात, कारण बझर्ड तिथेच जमतात. सेकर आणि अपलँड बझर्ड, मंगोलियातल्या या मृतांच्या यादीत हे दोघे अगदी वर.

उपाय शोधताना आधी पक्ष्याला बसूच द्यायचं नाही असं ठरलं. अँगलवर टोचे, ब्रश लावले. पण ज्या मुलखात दुसरी जागाच नाही तिथे पक्षी हटत नाही. टोचे चुकवून सरकत सरकत बसतो, कधी तारेच्या आणखी जवळ. मग विचार उलटा केला: त्याला खुशाल बसू द्या, तारेवर आवरण घाला. इन्सुलेटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची तार प्लास्टिकच्या टोपणाने झाकायची, तणावाच्या खांबांवरचे जंपर, म्हणजे दोन बाजूंच्या तारा जोडणारे तुकडे, झाकायचे. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या अबू धाबीच्या एका शिकारी पक्षी निधीने मंगोलियातल्या सुमारे २७,००० खांबांवर हे काम करून घेतलं. कारण अर्थातच सेकर. बझर्ड त्याच्या पुण्याईवर वाचले. घरटं कुणी बांधलं आणि लाभ कुणी घेतला, हा हिशेब इथे एकदा तरी फिटला म्हणायचा.

लडाखमध्ये हा प्रश्न आता दारात आहे. मनाली-लेह रस्त्यावरच्या पांग परिसरात १३ गिगावॉटचा सौर आणि पवन वीज प्रकल्प व्हायचा आहे, आणि तिथली वीज हरियाणातल्या कैथलपर्यंत नेणाऱ्या ७१३ किलोमीटरच्या वाहिनीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २०,७७३ कोटी रुपये. त्या मोठ्या मनोऱ्यांवर बझर्डला बसायला आणि घरटं करायलाही उत्तम जागा मिळेल. चिंगहाईत वीज कंपनीने मनोऱ्यांवर त्याच्यासाठी मुद्दाम टोपल्या बसवल्या आहेत, म्हणजे त्याने तारांच्या नेमक्या डोक्यावर काटक्या आणू नयेत. प्रश्न आहे तो या प्रकल्पाच्या मागोमाग छावण्यांना, गोदामांना, चौक्यांना पुरवठा करणाऱ्या बारक्या ११ आणि ३३ किलोव्होल्टच्या वाहिन्यांचा. आपल्याकडेही त्या बहुधा तशाच असतात, लोखंडी अँगल आणि त्यावर खुंटीचे इन्सुलेटर. खांब उभारतानाच वायरमनने तीन टोपणं चढवली तर काम मिनिटांचं आहे. वाहिनी चालू झाल्यावर तेच करायला पुरवठा बंद करून, शिडी लावून, साडेचार हजार मीटरवरच्या वाऱ्यात पुन्हा प्रत्येक खांबावर चढावं लागतं.